आगगाडी, बस आणि मोटार : ठाणे-कल्याण परिसरातील प्रवासाचे बदलते चित्र

दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेल्या चौदा डब्यांच्या गाडीत सुमारे चारशे निमंत्रित पाहुणे बसले होते. अंतर अवघे ३४ किलोमीटर. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, ठाण्याची खाडी ओलांडून हा लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला आणि तेथून त्याला दोन फाटे फुटले. एक थळ घाट चढून नाशिक-खानदेशाकडे, तर दुसरा बोर घाट चढून पुण्याकडे. आखणी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः देशावरचा कापूस होता, बंदर होते आणि लांब पल्ल्याचा प्रवास होता. याच मार्गावर एके दिवशी लक्षावधी माणसे सकाळी एका दिशेला आणि सायंकाळी उलट दिशेला, वर्षातील तीनशे दिवस, केवळ पोटासाठी ये-जा करतील, हा विचार त्या आखणीत असण्याचे कारणच नव्हते.

आज ठाणे, डोंबिवली आणि कल्याण यांचे जीवन याच ये-जेवर उभे आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर विजेवर चालणारी पहिली उपनगरी गाडी धावली आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत विजेची तार कल्याणला पोहोचली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये झाली, पाठोपाठ डोंबिवलीचे औद्योगिक क्षेत्र आले. गिरणगावातील आणि गिरगाव-दादरच्या चाळींतील कुटुंबे ऐसपैस नसली तरी स्वतःची अशी दोन खोल्यांची जागा शोधीत खाडीपलीकडे सरकली. ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी आणि कल्याणची महानगरपालिका त्यानंतर बरोबर एक वर्षाने अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४० हजारांच्या, तर कल्याण-डोंबिवलीची साडेबारा लाखांच्या घरात गेलेली दिसते. घर एका शहरात आणि नोकरी दुसऱ्या शहरात, ही येथील लाखो कुटुंबांची रीत झाली.

या परिसरातील प्रवासाचे प्रश्न समजून घ्यावयाचे तर इतर देशांतील माणसे कशाने प्रवास करतात, हे आधी पाहणे उपयोगी ठरेल.

इतर देशांतील कल

प्रवासाचे मोजमाप सर्वत्र 'प्रवासी-किलोमीटर' या एककात केले जाते. एका माणसाने एक किलोमीटर अंतर काटले की एक प्रवासी-किलोमीटर झाला. पन्नास माणसांना घेऊन बस दहा किलोमीटर गेली तर पाचशे प्रवासी-किलोमीटर. मोटार, बस आणि रेल्वे यांच्या वाट्याची तुलना या हिशेबाने होते.

ब्रिटनचे उदाहरण बोलके आहे. १९५२ मध्ये त्या देशातील एकूण प्रवासापैकी सुमारे ४२ टक्के प्रवास बसने होत असे. मोटारीचा वाटा २७ टक्क्यांच्या आसपास आणि रेल्वेचा त्याहून कमी होता. अर्ध्या शतकात हे चित्र साफ पालटले. मोटारीचा वाटा ८० टक्क्यांच्या वर गेला आणि बस पाच-सहा टक्क्यांवर आली. १९६३ मधील बीचिंग अहवालानंतर रेल्वेचे शेकडो लहान फाटे बंद करण्यात आले. पुढे गर्दीच्या शहरांत रस्ते तुंबू लागले तेव्हा त्याच रेल्वेकडे प्रवासी परतले, मात्र गावोगावचे उखडलेले रूळ परत आले नाहीत. युरोपीय संघातील देशांचा एकत्रित विचार केला तरी जमिनीवरील शंभर प्रवासी-किलोमीटरांपैकी ऐंशीच्या आसपास मोटारीचे असतात. उरलेल्या वीसात बस आणि रेल्वे यांची वाटणी होते. अमेरिकेविषयी वेगळे सांगावयास नको. १९५६ च्या कायद्याने तेथे आंतरराज्यीय महामार्गांचे जाळे विणण्यास प्रारंभ झाला आणि १९७१ मध्ये लांब पल्ल्याची प्रवासी रेल्वे टिकवून धरण्यासाठी सरकारला 'ॲमट्रॅक' ही संस्था काढावी लागली.

तथापि संपन्नता आली की माणूस मोटारीत बसतोच, असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे होईल. जपान संपन्न आहे, मोटारी बनविण्यात जगात अग्रेसर आहे, आणि तरीही देशांतर्गत प्रवासात रेल्वेचा वाटा तेथे पाव हिश्शाहून अधिक राहिला आहे. याची कारणे शोधता दोन गोष्टी दिसतात. मोटार ठेवण्यासाठी स्वतःची जागा आहे असा दाखला दिल्याशिवाय ती विकत घेता येऊ नये, असा कायदा जपानने १९६२ मध्येच केला. दुसरे म्हणजे, नोकराच्या रेल्वे पासाचा खर्च बहुतेक मालक उचलतात. पॅरिस परिसरात १९७१ पासून मालकांकडून वाहतुकीसाठी स्वतंत्र कर घेतला जातो. नोकरांना वेळेवर कामावर आणून सोडणाऱ्या रेल्वेचा लाभ कारखान्याला आणि कचेरीलाही होतो, तेव्हा तिच्या खर्चाचा भार केवळ तिकीट काढणाऱ्यावर का असावा, असा त्यामागील साधा विचार आहे. सिंगापूरने १९९० पासून नव्या मोटारींची संख्याच ठरवून दिली. ती परवान्याच्या लिलावाने वाटली जाते.

स्वित्झर्लंडची गोष्ट या सर्वांहून अधिक मनन करण्याजोगी आहे. त्या देशाने १९८२ पासून सर्व गाड्या ठरावीक अंतराने, घड्याळाच्या त्याच काट्यावर सुटतील असे वेळापत्रक अंगीकारले. मोठ्या स्थानकावर निरनिराळ्या दिशांच्या गाड्या एकाच सुमारास येतात. बाहेर टपाल खात्याची बस उभी असते आणि उतरलेल्या माणसाला घेऊन ती डोंगरातील गावाकडे निघते. रेल्वेने होणाऱ्या दरडोई प्रवासात हा देश युरोपात अग्रभागी असून, तेथील एक माणूस वर्षाकाठी सुमारे चोवीसशे किलोमीटर रेल्वेने फिरतो.

आता डोंबिवलीच्या प्रवाशाचा हिशेब मांडून पाहू. डोंबिवली ते मुंबई अंतर ४८ किलोमीटर. जाऊन-येऊन ९६. महिन्याचे २५ दिवस धरले तर २,४०० किलोमीटर. स्विस नागरिकाचा वर्षाचा रेल्वेप्रवास डोंबिवलीचा कारकून एका महिन्यात करतो! स्विस आकड्यात लहान मुले आणि वृद्धही मोजलेले आहेत हे खरे, परंतु तेवढी सूट देऊनही अंतर थक्क करणारे उरते. आणि स्विस माणूस बसून जातो.

आपल्याकडील रकाने वेगळे

मोटार, बस आणि रेल्वे हे तीन रकाने युरोपला पुरतात. ते तसेच्या तसे उचलून ठाणे जिल्ह्याला लावले तर निम्मी माणसे हिशेबाबाहेर राहतील. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरील कामगारांना कामाचे ठिकाण किती दूर आहे व तेथे कशाने जाता, असे विचारण्यात आले होते. देशभरातील उत्तरांत सर्वांत मोठा गट पायी जाणाऱ्यांचा निघाला. त्याच्या खालोखाल सायकल आणि दुचाकी, मग बस सुमारे अकरा टक्के. रेल्वे साडेतीन टक्क्यांच्या आसपास, आणि मोटार तीन टक्क्यांहूनही कमी. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती मोटारीची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली, तेव्हापासून मध्यमवर्गाच्या आकांक्षांत मोटारीला मानाचे स्थान मिळाले. परंतु दर हजार माणसांमागे मोटारींची संख्या अमेरिकेत कित्येक शतके भरते, ती आपल्या देशात अद्याप पन्नाशीच्याही आत आहे. (१९९० नंतरच्या काही वर्षांत कल्याण-डोंबिवली परिसरातच प्यूजो ही फ्रेंच बनावटीची मोटार तयार होत असे, हे आज तेथील नव्या रहिवाशांना सांगूनही खरे वाटणार नाही.)

आपल्याकडे बसची खरी स्पर्धा मोटारीशी नसून दुचाकीशी आहे. बस वेळेवर येत नाही म्हणून तरुण हप्त्यावर दुचाकी घेतो. प्रवासी घटले म्हणून बसची फेरी कमी होते. फेरी कमी झाली म्हणून आणखी चार जण दुचाकी घेतात. ब्रिटनमध्ये मोटारीने जे पन्नास वर्षांत केले ते आपल्या शहरांत दुचाकी आणि शेअर रिक्षा मिळून त्याहून लवकर करीत आहेत.

रुळांवरील गर्दी

रेल्वेचे बळ कशात आहे हे एका सोप्या गणिताने दाखविता येते. उत्तम वाहत्या महामार्गाच्या एका पदरावरून तासाला फार तर दोन हजार मोटारी जातात. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर तीन हजार माणसे झाली. उपनगरी रेल्वेच्या एका मार्गावरून गर्दीच्या वेळी दर चार मिनिटांना एक गाडी सुटली, आणि प्रत्येकीत साडेचार हजार माणसे असली, तर तासाला साडेसदुसष्ट हजार माणसे जातात. तेवढ्यांना मोटारीने न्यावयाचे तर एका दिशेला बावीस-तेवीस पदरांचा रस्ता हवा. मुलुंड ते शीव या पट्ट्यात इतका रुंद रस्ता कोणी कोठून काढणार?

मात्र या गणितातच दुखण्याचे मूळ आहे. साडेचार हजार हा आकडा गाडीच्या क्षमतेचा नव्हे. नऊ डब्यांची गाडी सुमारे सतराशे प्रवाशांसाठी बांधलेली असताना तीत साडेचार ते पाच हजार माणसे चढत आली. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी राहतात, असे गर्दीचे माप रेल्वेच्या दप्तरातच रूढ आहे. आकड्याने समजत नसेल तर शाळेतील शिक्षकांनी फरशीवर खडूने एक मीटरचा चौकोन आखावा आणि त्यात सोळा मुले उभी करून पाहावीत. दारात लोंबकळणारा माणूस हौसेने लोंबकळत नाही, त्याला आत जागा नसते. ९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यानच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून जात असताना दारातील प्रवासी खाली पडले आणि त्यांपैकी काहींचा अंत झाला. त्यानंतर नव्या साध्या गाड्यांनाही आपोआप मिटणारी दारे बसविण्याचा निर्णय रेल्वे प्रशासनाने जाहीर केला. दारे मिटली म्हणजे पडण्याचा धोका टळेल. परंतु दारात उभे राहणारे ते शे-दीडशे लोक कोणत्या गाडीने जातील, याचे उत्तर गाड्यांच्या संख्येतूनच द्यावे लागेल.

क्षमता वाढविण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. रेल्वे मंत्रालय आणि राज्य शासन यांच्या ५१ : ४९ अशा भागीदारीत मुंबई रेल्वे विकास महामंडळ १९९९ मध्ये स्थापन झाले. नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या झाल्या, २०१२ मध्ये मध्य रेल्वेवर पंधरा डब्यांची गाडी आली. २००४ मध्ये ठाणे-वाशी मार्ग खुला झाल्यामुळे नवी मुंबईत कामाला जाणाऱ्यांचा कुर्ल्याचा फेरा वाचला. ठाणे ते दिवा पाचवी व सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे ६२० कोटी रुपये खर्चून पूर्ण झाली, तेव्हा उपनगरी गाड्यांच्या ३६ नव्या फेऱ्या वाढल्या. याच कामामुळे १९१६ पासून वापरात असलेला पारसिकचा बोगदा मुख्यतः लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला आणि जलद उपनगरी गाड्या मुंब्र्याच्या बाजूने जाऊ लागल्या. रोज बोगद्यात शिरताच बोलणे थांबविणाऱ्या जुन्या प्रवाशांना हा बदल काही दिवस चुकल्याचुकल्यासारखा वाटला असल्यास नवल नाही.

वातानुकूलित गाड्यांचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. कल्याण-मुंबई मार्गावर त्या डिसेंबर २०२० मध्ये आल्या. भाडे जड असल्याने प्रारंभी त्या रिकाम्या धावत. मे २०२२ मध्ये तिकीट निम्म्याने स्वस्त झाल्यावर प्रवासी वाढले. पण साध्या गाडीची वेळ काढून तेथे वातानुकूलित गाडी लावली गेली, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूर येथील प्रवाशांनी विरोध केला आणि नव्याने सुरू केलेल्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. मासिक पास हा पंधरा-एक एकेरी तिकिटांच्या किमतीत मिळतो. तो खाडीपलीकडे घर घेणाऱ्याच्या अंदाजपत्रकाचा पाया असतो. सोय वाढवावी, पण ज्याच्या पासावर हे शहर उभे आहे त्याची गाडी काढून ती वाढवू नये, हा प्रवाशांचा आग्रह रास्तच म्हटला पाहिजे.

गाडी बंद पडली तेव्हा

उपनगरी रेल्वे नसती तर काय झाले असते, याचे उत्तर २०२० सालाने दिले. मार्चमध्ये कोरोनाच्या साथीमुळे गाड्या थांबल्या. १५ जूनपासून त्या केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या आणि सर्वसामान्यांना निर्बंधांसह का होईना गाडीत बसण्याची मुभा १ फेब्रुवारी २०२१ रोजी मिळाली. मधल्या काळात कचेऱ्या उघडल्या होत्या. डोंबिवली-कल्याणची माणसे एस.टी.च्या आणि पालिकांच्या बसगाड्यांसाठी पहाटेपासून रांगा लावीत होती. ज्यांना परवडले त्यांनी दुचाकी काढली. कल्याण-शीळ मार्ग आणि ठाण्याचे नाके तासन्तास तुंबत. रेल्वेने सव्वा तासात होणारा प्रवास तीन-तीन तासांचा झाला. साथ ओसरल्यावर जगभर अनेक शहरांत रेल्वे व बसचे काही प्रवासी परतलेच नाहीत, कारण घरून काम करण्याची सोय त्यांना लाभली. आपल्याकडे अशी सोय असलेल्यांचे प्रमाण थोडे. दुकानातील नोकर, परिचारिका, सुरक्षारक्षक आणि शिपाई यांना घरी बसून काम करता येत नाही.

स्थानकापासून घरापर्यंत

रेल्वेविषयी पुष्कळ बोलले जाते, बसविषयी थोडे. वास्तविक प्रवासी स्थानकावर उतरतो तेव्हा त्याचा प्रवास संपलेला नसतो. ठाणे महानगरपालिकेची परिवहन सेवा फेब्रुवारी १९८९ मध्ये आणि कल्याण-डोंबिवलीची १९९९ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी शहर वाहतुकीचा भार राज्य परिवहनाच्या लाल गाडीवर होता. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने सेवेची जी मानके ठरविली आहेत त्यांनुसार हजार लोकसंख्येमागे ०.६ बस ही उत्तम पातळी होय. म्हणजे २०११ च्या लोकसंख्येलासुद्धा ठाण्यास अकराशे आणि कल्याण-डोंबिवलीस साडेसातशे बसगाड्या हव्यात. दोन्ही उपक्रमांचे ताफे या आकड्यांपासून फार दूर राहिले आहेत. ही पोकळी शेअर रिक्षाने भरून काढली. रिक्षाचालकाला दोष देणे सोपे आहे. पण रात्री साडेअकराच्या गाडीने उतरलेल्या परिचारिकेला घरी पोहोचविणारा तोच असतो.

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेस उन्नत मार्ग बांधून बस वर आणि रिक्षा खाली अशी विभागणी करण्यात आली, तिचा उपयोग झाला. परंतु बसचे वेळापत्रक आणि गाडीचे वेळापत्रक यांची गाठ अद्याप पडलेली नाही. रेल्वे केंद्राची, एस.टी. राज्याची, परिवहन उपक्रम पालिकेचा, मेट्रो प्रदेश विकास प्राधिकरणाची. २००६ च्या राष्ट्रीय नगर वाहतूक धोरणाने वाहने नव्हे तर माणसे हलविणे हे ध्येय सांगितले आणि मोठ्या शहरांत सर्व साधनांसाठी एकच प्राधिकरण असावे असे सुचविले. ते प्रत्यक्षात कितपत उतरले, हे स्थानकाबाहेर पावसात रिक्षाच्या रांगेत उभा असलेला माणूस सांगू शकेल. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. सुमारे २५ किलोमीटरच्या या मार्गाचे विशेष असे की, थेट रेल्वे नसल्यामुळे यंत्रमागांच्या भिवंडीतून ठाण्याला येण्यास रस्त्यावाचून सोयीचा असा जो दुसरा उपाय नव्हता, तो त्याने मिळावयाचा आहे. पण मेट्रोच्या स्थानकापासून घरापर्यंतचा प्रश्न तेथेही उरणारच.

शहराबाहेरची गावे

कल्याणच्या पुढे मुरबाड, शहापूर आणि अंबरनाथ तालुक्यांतील गावांचा या सर्वांशी संबंध काय, असे वाटणे शक्य आहे. संबंध निकटचा आहे. कल्याण-बदलापूर तिसरी व चौथी आणि कल्याण-आसनगाव चौथी मार्गिका मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या '३ अ' टप्प्यात समाविष्ट आहेत. रूळ जेथे पोहोचतात तेथे पाठोपाठ इमारती येतात, हा १८५४ पासूनचा अनुभव आहे. कल्याणलगतची २७ गावे महानगरपालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत घेण्यात आली, परंतु रस्ता किती रुंद ठेवावयाचा, बसथांब्याला जागा कोठे सोडावयाची, हे त्या मधल्या काळातील बांधकामांनी आपल्या सोयीने ठरवून टाकले. इमारत उभी राहिल्यावर थांब्यासाठी दहा फूट जागा मिळविणे किती अवघड असते, हे तेथील लोकप्रतिनिधी जाणतात. आसनगाव-बदलापूरकडील ग्रामपंचायतींना ही जागा आजच राखून ठेवता येण्यासारखी आहे.

मुरबाडच्या गावांना रेल्वे नाही. तेथे एस.टी. हेच साधन. ग्रामीण मुलींना शाळेसाठी मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना आहे. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एस.टी.च्या तिकिटात निम्मी सवलत मिळाली आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास ऑगस्ट २०२२ मध्ये विनामूल्य झाला. सवलतींमुळे महिला प्रवाशांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. मात्र पास हाती असून सकाळची फेरी रद्द झाली तर मुलीची शाळा बुडते, आणि दोन-चार वेळा असे झाले की घरचे तिला घरीच ठेवतात. फेरी कोणत्या दिवशी आली नाही, किती उशिरा आली, किती मुले मागे राहिली, याची साधी वही शाळेत अथवा ग्रामपंचायतीत ठेवली तर आगार व्यवस्थापकाशी बोलताना 'गाडी नेहमीच येत नाही' या तक्रारीऐवजी तारीखवार नोंद पुढे करता येते. कल्याणला सकाळी सुटणाऱ्या जलद गाडीच्या दहा मिनिटे आधी मुरबाडची बस पोहोचते की दहा मिनिटे नंतर, हेही त्याच वहीत लिहिता येईल. वेळापत्रक दर काही महिन्यांनी नव्याने आखले जाते, आणि दहा मिनिटांची ही दुरुस्ती करण्यास नवा पूल लागत नाही की नवा रूळ लागत नाही.